कॅपकॉम बीट एम अप बंडल: चवथीची सुट्टी, सात गेम आणि काजूच्या तीन बिया

मुस्तफा यात नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मी घरी हे जुन्या आर्केड गेमचं (नाणं टाकून खेळायच्या दुकानातल्या मशीनवरच्या) बंडल लावलं तेव्हा खोलीत डोकावलेल्या प्रत्येक चाळिशीतल्या माणसाने पहिला प्रश्न तोच विचारला. दादाने विचारला, भावोजींनी विचारला, आरतीला आलेला शेजारचा मित्र तर आरतीचं घुमट वाद्य काखेत धरूनच विचारत होता, अरे यात मुस्तफा आहे काय? नाही रे बाबा. मुस्तफा ज्यात आहे तो कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स हा १९९३ चा गेम बनवला कॅपकॉम या जपानी कंपनीनेच, पण त्यातली माणसं मार्क शुल्ट्झच्या झेनोझोइक टेल्स नावाच्या कॉमिकमधली, म्हणजे हक्क दुसऱ्याचे. पनिशर आणि एलियन व्हर्सेस प्रिडेटर हे कॅपकॉमचे गेम पण असेच दुसऱ्याच्या हक्कातले, ते पण नाहीत. या बंडलमध्ये आहे ते कॅपकॉमचं स्वतःचं, आणि ज्यांचं बालपण एक रुपयाच्या नाण्यांवर गेलंय त्यांना ते पुरेसं आहे असं मी पाच दिवस खेळून म्हणतोय.

बंडलमध्ये एकूण सात गेम. फायनल फाइट १९८९ चा, कॅप्टन कमांडो, किंग ऑफ ड्रॅगन्स आणि नाइट्स ऑफ द राउंड हे तिन्ही १९९१ चे, वॉरियर्स ऑफ फेट १९९२ चा, आर्मर्ड वॉरियर्स १९९४ चा आणि शेवटचा बॅटल सर्किट १९९७ चा. सप्टेंबर २०१८ मध्ये हे सगळं एकत्र करून पीएस फोर, एक्सबॉक्स वन, स्विच आणि पीसीवर काढलं, अमेरिकेतली किंमत १९.९९ डॉलर होती. मी पीएस फोरवर खेळलो. सगळे गेम एकाच जातीचे, डावीकडून उजवीकडे चालत जायचं आणि समोर येईल त्याला बडवत जायचं, जपानी लोक याला बेल्ट स्क्रोल म्हणतात कारण पडदा पट्ट्यासारखा सरकत राहतो. आम्ही याला कधी काही नाव दिलं नाही, फायटिंग म्हणायचो आणि विषय संपला.

आता थोडं मागे जातो कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. गोव्यात म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला आईबरोबर जायचो, तिचं मिरच्या, मोयऱ्याची केळी, सुकं असं सगळं बघून भाव करून घेईपर्यंत दीड तास जायचा आणि तेवढा वेळ मी मागच्या गल्लीतल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात. चार लाकडी डबे, काळोख, पंखा एकच आणि तोही मालक काकांच्या डोक्यावर. एक रुपयाचं नाणं टाकलं की एक डाव. माझ्याकडे एका शुक्रवारी दोन रुपये असायचे, कधी तीन. म्हणून मी पहिला अर्धा तास नाणं टाकायचोच नाही, मोठ्या पोरांच्या मागे उभा राहून बघत बसायचो, कुठल्या ड्रममधून कोंबडी निघते, कुठला बॉस कुठल्या बाजूने धावत येतो, कुठे उभं राहिलं की लागत नाही. फायनल फाइटमध्ये सबवेच्या शेवटी जमिनीखाली कुस्तीचा आखाडा आहे तिथे सोडम नावाचा बॉस येतो, दोन्ही हातात तलवारी, समोरून धावत येतो आणि एका फटक्यात निम्मं आयुष्य नेतो. मी त्याला पहिल्यांदा हरवला तेव्हा आठवी संपत आली होती. दोन वर्षं लागली होती, आणि ती दोन वर्षं म्हणजे हिशेब केला तर दोन-तीनशे रुपये असतील फार तर. मला अजून तो दिवस आठवतो, त्याची पडलेली तलवार मी उचलली आणि त्यालाच घातली, आणि मागे उभ्या असलेल्या एका पोराने माझ्या पाठीवर थाप मारली, ज्याचं नाव मला आजपर्यंत माहीत नाही.

घरी तेव्हा टीव्ही गेम होता, कुवेतला असलेल्या मामाने आणलेला. त्याच्या कॅसेटवर ९९९९ गेम्स असं छापलेलं आणि लावल्यावर खरे गेम निघायचे आठ की दहा, बाकी तेच ते पुन्हा वेगळ्या नावाने. माझ्या आयुष्यातलं पहिलं कलेक्शन ते. त्यामुळे सातच गेम आहेत म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मला सांगायचंय की हे सातच्या सात पूर्ण आहेत, दुकानातल्या डब्यात होते तसे. याची किंमत कळायला जुने कन्सोलवाले अवतार माहीत पाहिजेत. फायनल फाइट सुपर निन्टेंडो या कन्सोलवर आला तेव्हा त्यातून गाय (इंग्लिशमधला Guy) हे पात्रच काढून टाकलं होतं, इंडस्ट्रियल एरियाची अख्खी स्टेज गायब होती, आणि दोघांनी मिळून खेळायची सोयच नव्हती. दोघांनी खेळायचा गेम एकट्याने! कॅप्टन कमांडो डब्यात चौघांचा, सुपर निन्टेंडोवर दोघांचाच. नाइट्स आणि किंग ऑफ ड्रॅगन्स तिघांचे, तिथे तेही दोघांवर आणलेले. त्या मशीनची ताकद तेवढीच होती, त्यांचा दोष नाही, पण आपण दुकानात जे खेळलो ते तेव्हा घरी आलं नव्हतं. इथे आलंय. फायनल फाइट दोघांनी, कॅप्टन कमांडो आणि बॅटल सर्किट चौघांनी, बाकीचे चार तिघांनी, एका टीव्हीसमोर एका चटईवर.

आणि आर्मर्ड वॉरियर्स आणि बॅटल सर्किट हे दोन तर त्याआधी कुठल्याच घरच्या कन्सोलवर आले नव्हते, ते पहिल्यांदा आले ते या बंडलमधूनच. हे दोन्ही कॅपकॉमच्या सीपीएस टू नावाच्या आर्केड बोर्डवरचे. त्या बोर्डांमध्ये एक बॅटरी असायची आणि गेम उघडायची गुप्त किल्ली त्या बॅटरीच्या जोरावर मेमरीत टिकून राहायची, बॅटरी मेली की किल्ली पुसली जायची आणि बोर्ड मेला. म्हणजे जगात जिथे कुठे हे डबे पडून होते ते एकेक करून आपोआप गप्प होत चालले होते. कोणीतरी हे वेळेवर उचलून घरच्या मशीनवर आणलं याचं मला मनापासून बरं वाटतं. आपल्याकडच्या दुकानांचं काय झालं ते आपण बघितलंच, म्हापशाच्या त्या गल्लीत आज मोबाईलच्या कव्हरचं दुकान आहे.

आता चवथीचं सांगतो. आमच्या घरी पाच दिवसांचा गणपती, गावच्या मूळ घरी सगळे जमतात, पोरंटोरं धरून पंचवीस-तीस माणसं. गणपती पुढच्या खोलीत, वर फळापानांची टांगलेली माटोळी, आणि टीव्ही मागच्या खोलीत म्हणजे आरती सोडून बाकी वेळ पोरं तिथे. मी दोन कंट्रोलर घेऊन गेलो होतो, दोन भाच्याने आणले. पहिल्या रात्री जेवणं झाल्यावर फायनल फाइट लावला. मी समजावून सांगितलं, हा हॅगर, मेट्रो सिटीचा मेयर, पूर्वीचा कुस्तीगीर, याची पोरगी जेसिका मॅड गिअरच्या गुंडांनी पळवलीय, हा कोडी तिचा मित्र, हा गाय. पोरांना हॅगर लगेच आवडला, मेयर स्वतः शर्ट काढून रस्त्यावर उतरतो हे त्यांना फारच भारी वाटलं.

आणि पन्नास मिनिटांत गेम संपला.

संपला म्हणजे, मेले की बटण दाबायचं, परत उभे. मेले की बटण. कंटिन्यूला मर्यादाच नाही. सोडम आला, पोरं त्याच्या तलवारीवर अकरा वेळा मेली, अकरा वेळा उठली, आणि सोडम मेला. ज्याला हरवायला मला दोन वर्षं लागली तो तीन मिनिटांत गेला आणि त्यांना कळलंही नाही की काहीतरी झालं म्हणून. शेवटी भाचा म्हणाला, बरो आसा मामा, पण एकसारखोच सगळो. कंट्रोलर ठेवला आणि फोन घेतला. मी त्या रात्री खरंच नाराज झोपलो. गेमवर नाही आणि पोरांवर तर अजिबात नाही, त्यांचं बरोबरच होतं. बटणच दाबत राहिलं तर हा गेम एकसारखाच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाव-भाजी खाताना दादाला सांगितलं तर तो उठला, कोठीच्या खोलीत गेला आणि उन्हाळ्यातल्या ठेवलेल्या काजूच्या बियांचा डबा घेऊन आला. म्हणाला प्रत्येकाला तीन बिया. मेलास की एक बी या वाटीत टाकायची आणि मगच कंटिन्यू. तीन संपल्या की उठायचं आणि मागे उभं राहायचं, दुसऱ्याला जागा द्यायची. झालं. एवढंच. आणि मी सांगतो, गेम बदलला. त्याच दुपारी त्याच पोरांनी कॅप्टन कमांडोच्या पहिल्या स्टेजला घाबरत घाबरत पाऊल टाकलं. तिसरी बी हातात राहिली की आवाज बंद. ज्याच्या संपल्या तो मागे उभा राहून बघायला लागला, आणि बघता बघता सांगायला लागला, तो ड्रम फोडू नको आता, आधी लाइफ कमी होऊं दे मग कोंबडी खा. अगदी तसंच, म्हापशाच्या गल्लीतल्यासारखं. हे गेम ज्यांनी बनवले त्यांनी ते नाणं खायला बनवले होते हे खरंच आहे, पण त्या नाण्यामुळेच आपण बघायला शिकलो, थांबायला शिकलो. कन्सोलवर आणताना चित्र, आवाज, पात्रं सगळं आणलं, फक्त नाणं आणता येत नाही, ते आपल्याला घरातूनच आणावं लागतं. म्हणून हे विकत घेणाऱ्या प्रत्येकाला माझं पहिलं सांगणं हेच, बिया घ्या, चिंचोके घ्या, बटणं घ्या, पण मोजून घ्या.

कॅप्टन कमांडो हा आमच्या घरात सर्वात जास्त खेळला गेला. चौघं एकदम बसतात हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे पात्रं. एक स्वतः कमांडो, एक निन्जा, एक पट्ट्या गुंडाळलेला ममीसारखा सुरीवाला, आणि एक बाळ. खरंच बाळ, पाळण्यातलं, यंत्रमानवात बसून तो चालवतं. सहा वर्षांची भाची पहिल्या दिवसापासून म्हाका तो भुरगो जाय (मला ते पोर हवं) म्हणून जे धरून बसली ते विसर्जनापर्यंत. त्यात शत्रूचे रोबो पण बळकावता येतात, वर चढून बसायचं, एक ठोसे मारतो, एक आग ओकतो, एक बर्फ करतो. गोष्ट घडते २०२६ सालच्या मेट्रो सिटीत. आम्ही म्हापशाला खेळायचो तेव्हा २०२६ म्हणजे चंद्रावर राहायला जायचं साल वाटायचं, आता पोरांना ते सांगितलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली. कॅप्टन कमांडो हे नाव कॅपकॉमवरूनच आलेलं, कॅप्टन मधला कॅप आणि कमांडो मधला कॉम, हे मला फार उशिरा लक्षात आलं. एक मात्र आईबापांना सांगतो, निन्जाच्या तलवारीने माणसं उभी दोन तुकडे होतात, सुरीवाल्याने मारलं तर वितळतात. चित्र जुनं आणि लहान आहे त्यामुळे अंगावर येत नाही, तरी अगदी लहान पोरं असतील तर आधी स्वतः एकदा बघून घ्या. वॉरियर्स ऑफ फेटमध्ये पण तलवारीची कापाकापी आहे.

वॉरियर्स ऑफ फेट. हा माझा. घोड्यावर बसून भाल्याने पाच-पाच जणांना एका फेकीत पाडायचं सुख दुसऱ्या कुठल्या गेमने दिलं नाही. मध्येच जेवायची शर्यत लागते, बटण बडवून बडवून वाडगे संपवायचे, त्यात माझी बहीण सगळ्यांना हरवते, लहानपणी पण हरवायची आणि आता दोन पोरांची आई होऊन पण हरवते. लहानपणी मला वाटायचं ही मंगोल लोकांची गोष्ट, कारण इंग्लिश आवृत्तीत नावं सुबुताई, अबाका, कदान अशी. मुळात हा चीनच्या तीन राज्यांच्या कथेवरचा गेम, त्या कथेवरच्या जपानी मांगावरून केलेला, आणि खरी पात्रं म्हणजे ग्वान यू, झांग फेई, झाओ युन वगैरे. बाहेरच्या देशांसाठी नावंच बदलून टाकली होती. बंडलमध्ये प्रत्येक गेमची इंग्लिश आणि जपानी दोन्ही रूपं आहेत, त्यामुळे ज्याला मूळ रूपात खेळायचंय तो खेळू शकतो. वाचता येत नाही पण फायटिंगला वाचायचं काय असतं. तीस वर्षांनी कळलं की मी ज्याला घेऊन खेळत होतो तो कोण होता, आणि कळल्यावर मी दोन रात्री त्या तीन राज्यांबद्दल वाचत बसलो होतो.

नाइट्स ऑफ द राउंड सगळ्यात कठीण आणि माझ्या मते सगळ्यात जास्त विचार करून बनवलेला. आर्थर मधला, लॅन्सलॉट चपळ, पर्सिव्हल कुऱ्हाडवाला जड. यात अडवता येतं. वार करता करता मागे ओढलं की समोरच्याचा वार हत्यारावर झेलला जातो, आणि हे ज्याला जमलं त्याचा गेम लांबतो, ज्याला नाही जमलं त्याच्या बिया पहिल्या दोन स्टेजमध्ये संपतात. भाच्याला तिसऱ्या दिवशी जमलं. आम्ही सगळे बसलो होतो, समोरून घोडेस्वार आला, त्याने झेलला, आणि मी बघतोय तर तो हसत पण नव्हता, इतका तल्लीन. लेव्हल वाढत जाते तसं चिलखत बदलतं, माणूस मोठा होताना दिसतो. आणि सगळ्यात सुंदर गोष्ट, खायची वस्तू पडली की तिच्यावर वार करून ती तोडता येते, म्हणजे वाटून खाता येते. आधी पोरं एकमेकांच्या आधी धावत जाऊन खायची, दादाने हे दाखवल्यावर थांबून तोडायला लागली. खऱ्या नेवऱ्या (करंज्या) मात्र शेवटपर्यंत कोणी तोडून वाटली नाही.

किंग ऑफ ड्रॅगन्स सोपा आहे हाताला, वाराचं बटण एकच, धरून आपटणं वगैरे काही नाही, पण सोळा स्टेजेस आहेत आणि एल्फ, जादूगार, योद्धा, पुजारी, बुटका असे पाच जण निवडायला. दोघांना लांबून मारता येतं, तिघांकडे ढाल. नवशिक्याला मी यातूनच सुरुवात करून देईन, भावोजींना तसंच दिली. एल्फ घ्या, मागे राहा आणि बाण मारत राहा. शेवटी गिल्डिस नावाचा लाल ड्रॅगन आहे, त्याच्यापर्यंत पोचणं वेगळं आणि त्याला मारणं वेगळं.

आर्मर्ड वॉरियर्स मी आधी कधी बघितलाच नव्हता, आपल्याकडे तो कुठे लागला असेल तर मला ठाऊक नाही. सगळे मोठाले लढाऊ यंत्रमानव, समोरच्याचा हात तोडायचा आणि तोच हात स्वतःला लावायचा. ड्रिल मिळालं ड्रिल लावा, पाय गेले रणगाड्याचे पट्टे लावा. तिघं खेळत असतील तर तिघांचं मिळून एकच महायंत्र होतं, एकाने चालवायचं बाकीच्यांनी मारायचं, आणि तेव्हा खोलीत जो आरडाओरडा झाला तो ऐकून आई आतून विचारत आली की कोण पडलं. बॅटल सर्किटमध्ये नाणी गोळा करून स्टेज संपल्यावर नवे डाव विकत घेता येतात, गुलाबी शहामृगावर बसलेली एक पोरगी आहे, एक चालतं झाड आहे, रंग तर असे की जत्रेतल्या फेरीत शिरल्यासारखं वाटतं. १९९७ ला हा आला आणि कॅपकॉमने या जातीचे आर्केड गेम बनवणं त्यानंतर थांबवलंच, तोपर्यंत लोक थ्रीडीकडे गेले होते. इतकी कारागिरी आणि बघायला कोणी नाही. मला खेळताना सारखं तेच वाटत होतं.

आता तांत्रिक बाजू. मूळ चित्र ३८४ बाय २२४ ठिपक्यांचं, जुन्या चौकोनी टीव्हीसाठी काढलेलं. मोठ्या एलईडीवर दोन्ही बाजूला जागा सुटते, ती सुटू द्या. आमच्या भावोजींनी टीव्हीच्या रिमोटने ताणून भरलं तर हॅगर दारावरच्या लोखंडी पेटीसारखा दिसायला लागला, परत जागेवर आणलं. दुसरं, टीव्हीमध्ये गेम मोड असतो तो नक्की चालू करा. नाहीतर बटण दाबल्यावर ठोसा किंचित उशिरा येतो, तेवढ्याने नाइट्समधलं झेलणं जमतच नाही आणि माणूस उगाच स्वतःच्या बोटांना दोष देतो. आमचा पहिला अख्खा दिवस यातच गेला. कंट्रोलरवर काठीपेक्षा बाणाची बटणं वापरा, ओळ धरून राहता येते. डब्यावरच्या लाल गोळ्याच्या जॉयस्टिकची मजा नाही येत हे खरं, त्याला इलाज म्हणजे आर्केड स्टिक विकत घेणं आणि ती या बंडलपेक्षा महाग पडते. पीएस फाइव्ह असेल तर त्यावर पण चालतो आणि जुने पीएस फोरचे कंट्रोलर चालतात, म्हणजे चार माणसांसाठी नवे घ्यायला नकोत, ओळखीपाळखीतून गोळा करा. मी एक सेकंडहँड घेतला होता त्याची काठी आपोआप डावीकडे जायची, विकणाऱ्याने सांगितलं नाही, तेव्हा घेताना दुकानातच लावून बघा.

नसलेल्या गोष्टी पण सांगायला हव्यात. चूक झाली की मागे नेणारं रिवाइंड यात नाही, ते कॅपकॉमच्याच २०२१ च्या आर्केड स्टेडियम या दुसऱ्या संचात मिळतं. मला ते नकोच होतं, बियांचा सगळा अर्थच गेला असता, पण ज्यांना एकट्याने सराव करायचा असेल त्यांना त्याची उणीव वाटेल. प्रत्येक गेमची जुनी चित्रं, रेखाटनं, जाहिरातींचे कागद यांची गॅलरी आहे, ती चांगली आहे, कमांडोच्या बाळाची पहिली चित्रं मी बराच वेळ बघत बसलो होतो. पण ही माणसं कोण होती, त्यांनी कसं बनवलं, काय अडचणी आल्या, याबद्दल दोन शब्द सांगणारं कोणी नाही. इतक्या कामाला एवढी ओळख हवी होती. आणि एकट्याने खेळणाऱ्याला हे सात गेम थोडे ओकेबोके वाटतील, हे प्रामाणिकपणे सांगतो. मी घरी परत आल्यावर एकटाच बसून फायनल फाइट लावला, बिया पण ठेवल्या, छान खेळलो, बे एरियाच्या स्टेजपर्यंत गेलो, पण मागे उभं राहून बघणारं कोणी नव्हतं.

त्याला ऑनलाइन हा उपाय आहे. दुसऱ्याच्या चालू खेळात मध्येच शिरता येतं, मध्येच निघता येतं, त्यासाठी पीएस प्लस ही सोनीची पैसे भरून घ्यायची सदस्यता लागते. अनोळखी लोकांशी मी दोन-तीनदा खेळलो, त्यात रस वाटला नाही, ते बटण दाबून उठत राहतात. भाच्याबरोबर मात्र नियमित चालू आहे. तो डिचोलीला, मी पर्वरीला. पाऊस जोरात असला आणि नेट रडत असलं की पात्रं अडखळतात आणि मग सोडून द्यावं लागतं, आकाश मोकळं असलं की अगदी शेजारी बसल्यासारखं चालतं. बिया त्याने डब्यातून मोजून सहा नेल्या होत्या, तीन त्याच्या तीन माझ्या, माझ्या मी इथे ठेवल्यात. फोन स्पीकरवर ठेवतो, आणि कोणाची बी गेली की ती वाटीत पडल्याचा आवाज दुसऱ्याला ऐकू आला पाहिजे असा त्याचा नियम आहे. शनिवारी रात्री नऊ वाजता, जेवून. किंग ऑफ ड्रॅगन्स चालू आहे, तो पुजारी मी एल्फ, काल तेराव्या स्टेजला माझी शेवटची बी गेली तेव्हा त्याच्याकडे अजून दोन होत्या.